बाटलीसाठी रीतसर अर्ज

एकनाथरावांनी अर्ज केला आणि सगळं तिथंच बिनसलं.

बाटली ट्रंकेच्या तळाशी ठेवून वर दोन धोतरं आणि लोणच्याची बरणी टाकली असती, तर ती हैदराबादेहून पुण्याला सुखरूप पोचली असती. त्या वर्षी राज्याचे तीन तुकडे होऊन माणसं बदलीवर निघाली, तेव्हा त्यांच्या गाद्यागिरद्यांतून काय काय गेलं ते कुणी पाहिलंय? पण अर्जावाचून एखादी गोष्ट करणं एकनाथरावांच्या रक्तात नव्हतं. मालगुजारी खात्यात सव्वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. घरातून बायको माहेरी निघाली तरी 'परतीची तारीख?' असं विचारायचा. कागदावर आलेल्या गोष्टीला कुणी धक्का लावू शकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. देवावर इतकी नव्हती.

साल छप्पन्न. पहिल्या नोव्हेंबरपासून हैदराबाद राज्य संपणार, मराठी जिल्हे मुंबईला, कानडी म्हैसूरला आणि तेलुगू आंध्राला जाणार, असा हुकूम झालेला. जिल्ह्यांबरोबर कारकुनांचीही वाटणी झाली. एकनाथराव नांदेडकडच्या कुणबी घरातले, म्हणून ते मुंबई राज्यात आणि नेमणूक पुण्याला. त्यांचे शेजारच्या टेबलावरचे सोबती हणमंतराव गुलबर्ग्याचे, म्हणून ते म्हैसूर राज्यात, बंगळूरला. तिसरे अहसनमियाँ खास शहरातले, ते जागेवरच राहणार. त्यांच्या बुडाखालची खुर्ची तेवढी आंध्र प्रदेशात जाणार होती.

पुण्याचा हुकूम हातात पडल्यावर एकनाथरावांना बायकोनं विचारलं नाही इतक्या काळजीनं हणमंतरावांनी विचारलं, "पुण्यात दारूबंदी आहे की हो?"

इथं वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हे तिघे दारुडे नव्हते. महिन्यातला शेवटचा रविवार, दुपारी चार वाजता, सुलतान बाजारात एकनाथरावांच्या माडीवरच्या गच्चीत तिघं बसत. प्रत्येकी एकच पेग, आणि तोही औषधाच्या मापानं मोजलेला. दुसरा मागायचा नाही, असा ठराव होता आणि त्यावर तिघांच्या सह्या होत्या. एका पेगला दीड तास लागे, कारण प्यायचं कमी आणि बोलायचं जास्त. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि काय वाटलं ते सांगायचं. एकनाथराव ते एका वहीत तारीख घालून उतरवून घेत. नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. लष्करी कँटीनची रम, गोव्याहून कुणी आणलेली फेणी, आदिलाबादकडची मोहाची, ताडाची शिंदी, कुसुमताईंनी सर्दीसाठी आणून न वापरलेली ब्रँडी, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

एकनाथरावांचं नाक शेतकऱ्याचं. ते सांगत, "भिजलेल्या गोणपाटाचा वास. मागून गुऱ्हाळातल्या काहिलीचा तळ." अहसनमियाँ शायरीच्या घरातले. ते मोहाच्या दारूचा घोट घेऊन सांगत, "मियाँ, इसमें एक फूल है, मगर फूल को बुखार है." हणमंतरावांना मात्र नऊ वर्षांत 'बरं आहे' यापलीकडे काही सुचलं नव्हतं. पण ते 'बरं आहे' इतक्या प्रकारे म्हणत, की एकनाथरावांनी वहीत त्याच्यापुढं कंसात खुणा करायला सुरुवात केली होती. फेणीच्या वेळी हणमंतराव काहीच बोलले नाहीत, तर कंसात 'फारच वाईट' असं लिहिलेलं सापडतं.

आता बाटलीचं. ती स्कॉच होती, आणि तिघांची होती. चार वर्षांपूर्वी मलकपेठेत एका जहागीरदाराच्या देवडीतलं, म्हणजे वाड्यातलं, सामान लिलावात निघालं, तेव्हा अहसनमियाँ झुंबर बघायला गेले होते, हणमंतराव खुर्च्या बघायला आणि एकनाथराव लिलावाचे कागद बरोबर आहेत की नाहीत ते बघायला. तिघं बाटली घेऊन परत आले. लेबल अर्धं झुरळांनी खाल्लेलं, उरलेल्या भागात एक सांबर, त्याचंही तोंड गेलेलं. पण बुचावरची लाख शाबूत होती. उन्हात धरली की आतला रंग बघून अहसनमियाँ दोन मिनिटं गप्प बसत, आणि ही गोष्ट सोपी नव्हती.

चार वर्षांत ती उघडली गेली नाही. अहसनमियाँच्या मुलीचा निकाह झाला, पण त्या गर्दीत कुठं उघडणार? हणमंतरावांना बढती मिळाली आणि महिन्यात रद्द झाली. एकनाथरावांना नातू झाला, तर त्यांना वाटलं की नातवंडं काय, होतच राहतात. प्रत्येक प्रसंग त्या बाटलीपुढं थोडा तोकडा पडे. राज्य बुडतंय म्हटल्यावर मात्र तिघांचं एकमत झालं. अठ्ठावीस ऑक्टोबरचा रविवार शेवटचा. त्या दिवशी लाख फोडायची, तिघांनी एकेक पेग घ्यायचा, वहीत शेवटची नोंद करायची आणि उरलेली बाटली एकनाथरावांनी पुण्याला न्यायची, कारण त्या कोरड्या मुलखात त्यांचं कुणी नव्हतं.

"बिस्तर में लपेटो, ले जाओ," अहसनमियाँ म्हणाले. "कौन देखताय?"

"कुणी बघत नाही म्हणून करायचं, तर मग इतकी वर्षं नोकरी कशाची केली?" एकनाथराव म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.

मसुदा सुरेख झाला होता. विषय, संदर्भ, सहा कलमं. पहिल्या कलमात बाटलीचं वर्णन, दुसऱ्यात ती कुठून आली त्याची हकीकत, आणि तिसऱ्यात मालकी. इथं त्यांनी क्षणभर विचार केला आणि खरं तेच लिहिलं: 'सदर बाटली निम्नलिखित तिघांच्या संयुक्त मालकीची आहे.' खाली तिघांची नावं, हुद्दे, आणि पहिल्या तारखेपासून कोण कोणत्या राज्यात मोडणार, तेही. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच मान डोलावली.

अर्जाची बातमी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या केशवरावांना कशी लागली, हे विचारण्यात अर्थ नाही. ते अदालतीतले निवृत्त पेशकार. सुलतान बाजारात कुणाच्या घरी कागद फडफडला तरी त्यांना ऐकू येई.

"एकनाथराव, तुम्ही येडे का खुळे?" ते जिन्यातूनच म्हणाले. "अर्ज कामून केला? वैद्याच्या बाटलीत भरा आन् वर अर्जुनारिष्ट म्हणून चिठ्ठी लावा. आसवात काय असतंय ते पोलिसाला बी माहीत असतंय. तो बी घेतोय!"

"पण ती अर्जुनारिष्ट नाही, केशवराव."

"म्हणूनच तर चिठ्ठी लावायची!"

केशवरावांच्या शेजारच्या कुसुमताईंनी तुपाचा डबा सुचवला. तळाशी बाटली, वर तूप. तूप त्या स्वतः देणार होत्या, फक्त डबा परत पाठवायचा. हे सगळं त्या सद्भावनेनं बोलत होत्या, पण नळावर इतक्या मोठ्यानं बोलत होत्या, की दुपारपर्यंत समोरच्या कापडदुकानातला माणूसही तुपाच्या बाजूनं झाला होता.

एकनाथरावांच्या बायको भामाबाई मात्र कामात होत्या. त्या ट्रंका भरत होत्या. एकनाथरावांनी मसुदा वाचून दाखवायला घेतला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझं मंगळसूत्र न्यायला बी अर्ज लागतोय का, ते एकदा विचारून घ्या."

खरी गंमत पुढंच होती. इथली परवानगी मिळवायची तर पुण्याकडचा परवाना लागणार, आणि तिकडचा परवाना प्रकृतीच्या कारणासाठीच मिळणार, असं कळलं. फॉर्म टपालानं आबिड्सच्या पोस्टात आला. एकनाथरावांनी तो तिथंच बाकावर बसून वाचला आणि त्यांची कानशिलं तापली. अर्जदारास मद्याची सवय किती वर्षांपासून आहे? दिवसास किती लागते? न मिळाल्यास काय होते?

दिवसाच्या रकान्यात त्यांनी एका पेगला तीसनं भागून अपूर्णांक लिहिला. 'न मिळाल्यास काय होते' यापुढं ते बराच वेळ लेखणी धरून बसले. मग लिहिलं: 'वाईट वाटते.'

सर्टिफिकेटासाठी ते डॉक्टर भगवंतरावांकडं गेले. भगवंतरावांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोट दाबलं, फॉर्म वाचला आणि पुन्हा पोट दाबलं.

"एकनाथराव, तुमचं यकृत पोराटोरासारखं आहे," ते खेदानं म्हणाले. "मी काय लिहू? इतक्या चांगल्या प्रकृतीवर परवाना मिळणं अवघड."

"काहीच उपाय नाही?"

"आहे ना. महिनाभर रोज चार-चार पेग घ्या आणि मग या."

"पण एकतीसला माझी गाडी आहे, कागद या पंधरवड्यातच जायला हवेत."

"मग आठ-आठ घ्या," भगवंतराव म्हणाले, आणि एकनाथरावांचा चेहरा बघून त्यांनाच दया आली. शेवटी त्यांनी लिहून दिलं, की सदर इसमास दीर्घकाळची सवय असून ती एकदम तुटल्यास मनावर परिणाम होण्याचा संभव आहे. यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण वाचणाऱ्याला जे कळायचं तेच कळलं. हे सर्टिफिकेट कचेरीमार्फत पाठवायचं होतं, तेव्हा ते बड्या साहेबांच्या टेबलावरून गेलं. साहेबांनी एकनाथरावांना आत बोलावलं, दार लावलं आणि खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची मिळाली, ती अशी.

"नई जगह है," साहेब हळू आवाजात म्हणाले. "सँभल के रहिए."

एकनाथराव 'जी' म्हणून बाहेर आले. त्यांना हे सांगावंसं वाटलं की साहेब, मी महिन्याला एक पेग घेतो आणि त्यावर सही करतो. पण ज्याच्या सेवापुस्तकात डॉक्टरचा दाखला लागलाय, त्यानं असं सांगितलं तर ऐकणारे 'सगळेच असं सांगतात' म्हणतात. त्या दिवसापासून शिपाई त्यांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवू लागला. कुसुमताईंनी गुरुवारच्या भजनात त्यांचं नाव न घेता त्यांच्यासाठी एक अभंग म्हटला. एकनाथराव वर गच्चीवर होते, त्यांना कडव्याकडव्यागणिक कळत होतं की हा आपल्यासाठी आहे. निरोपाला आलेले सोयरेही चहा झाल्यावर भामाबाईंचा हात धरून 'सहन करा' म्हणून जात. भामाबाई आधी समजावत असत. नंतर त्यांनी मान हलवायला सुरुवात केली, कारण सामान बांधायचं होतं.

हे सगळं एकनाथरावांनी गिळलं, कारण आबकारीच्या परवाने शाखेत त्यांना मुकुंदराव भेटले होते.

मुकुंदराव म्हणजे त्या शाखेतले कारकून. टेबलाच्या तिन्ही बाजूंना मिसलींचे, म्हणजे फायलींचे, ढीग, लाल दोरीचे मुंबईचे, हिरव्या दोरीचे म्हैसूरचे आणि पांढऱ्या दोरीचे आंध्राचे. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, चष्मा पुसला.

"एकनाथराव साहेब," ते म्हणाले, "माझ्या नोकरीत असा अर्ज पहिलाच. लोक बाटल्या नेतात हो, पण विचारत कोणी नाही. आणि अक्षर काय! हे अक्षर आता कुठं राहिलंय?"

एकनाथरावांना भरून आलं. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडं माणूस म्हणून, म्हणजे कारकून म्हणून, बघत होतं.

"मात्र, विचारलंच कुणी नाही, त्यामुळं काय करायचं ते शोधावं लागेल," मुकुंदराव म्हणाले. "शोधतो. तुमचं काम नियमाबाहेर जाऊ देणार नाही."

चौथ्या दिवशी त्यांनी शोधलंसुद्धा. निजामाच्या अमदानीतलं उर्दू कायद्याचं पुस्तक होतं, त्यात एका सरकारच्या हद्दीतून दुसऱ्या सरकारच्या हद्दीत मद्य नेण्याचं कलम निघालं. बाटली मूळ लाखेसह हजर करावी, नमुना काढून घ्यावा आणि मग अर्जदाराला परत द्यावी. म्हणजे लाख आधी फोडून चालणार नव्हतं. एकनाथरावांनी बाटली धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि स्वतः नेऊन दिली. मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी घेतली, शिक्का मारून पावती दिली.

नमुना किती घेणार, हे एकनाथरावांनी विचारलं नाही. एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनाला नियमाचं माप विचारायचं, म्हणजे त्याच्या पोटाला हात लावून जेवलास का विचारण्यासारखं. त्यांना वाटलं, चमचाभर.

"किती दिवस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आठवडा धरा."

तो ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. दुसऱ्या आठवड्यात दसऱ्याची सुट्टी आली. तिसऱ्यात मुकुंदरावांचं टेबलच उचलून दुसऱ्या इमारतीत गेलं, आणि टेबल आधी पोचलं, मिसली मागून आल्या. चौथ्या आठवड्यात नमुना काढणारा अधिकारी मिळेना, कारण तो म्हैसूरला मोडत होता आणि त्यानं मुंबईच्या मिसलीला हात लावावा की नाही यावर पत्रव्यवहार चालू होता. एकनाथराव रोज दुपारी डबा खाऊन तिकडं जात. मुकुंदराव उठून उभे राहत, खुर्ची पुसत आणि कुठवर आलंय ते मिसल उघडून दाखवत. कुठं टाळाटाळ नाही, उद्धटपणा नाही. राग काढावा तर कुणावर? एकनाथरावांनी जन्मभर लोकांना हेच तर सांगितलं होतं, की काम नियमानं चाललंय. हे ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते त्यांना आता कळत होतं.

अठ्ठावीसचा रविवार आला. चार वाजता तिघं गच्चीवर बसले. गच्चीवर आता सतरंजीसुद्धा नव्हती, ती बांधून झाली होती. मधे तीन पेले, आणि त्यांत काही नाही.

"दुसरं काही आणू का?" हणमंतरावांनी विचारलं. "आबिड्सला मिळेल की."

चार वर्षं ज्या बाटलीसाठी थांबले, तिच्या जागी दुसरं काही ओतणं कुणालाच बरं वाटेना. खालून भामाबाईंनी चहा पाठवला. एकनाथरावांनी वही काढली, तारीख घातली आणि बंद केली. अहसनमियाँ, जे चमचाभर शिंदीवर पाऊण तास बोलत, ते कबुतरांकडं बघत होते.

"बुधवारपर्यंत मिळेल," एकनाथराव म्हणाले. "मुकुंदरावांनी शब्द दिलाय. स्टेशनवर उघडू. प्लॅटफॉर्मवर बंदी नाही."

"सवेरे सात बजे?" अहसनमियाँ म्हणाले. "मियाँ, मैं सात बजे नहारी बी नईं खाता."

पण ते येतो म्हणाले. दोघंही येतो म्हणाले.

आणि मुकुंदरावांनी शब्द पाळला. मंगळवारी दुपारी एकनाथराव गेले, तर ते दारात उभे होते, चेहरा फुललेला.

"झालं, साहेब! तिन्ही राज्यांच्या सह्या! एका दिवसात! शाखेत कुणाचा विश्वास बसेना." त्यांनी परवाना पुढं केला. त्यावर तीन शिक्के होते, तिन्ही वेगळ्या रंगांचे. मग कपाटातून त्यांनी पंच्यात गुंडाळलेली बाटली काढली.

एकनाथरावांनी ती हातात घेतली आणि हात वर गेला. जड वस्तू उचलायला जावं आणि ती हलकी निघावी, तसा.

"मुकुंदराव," ते म्हणाले, "ही रिकामी आहे."

"हो तर. नमुना काढला ना."

"सगळाच?"

"असं कसं सगळा?" मुकुंदराव दुखावले. त्यांनी पुस्तक उघडून कलमावर बोट ठेवलं. "संबंधित प्रत्येक सरकारला आठ औंस. एरवी दोनच सरकारं असतात, पाठवणारं आणि घेणारं. पण आपण मालक तिघं दाखवलेत, आणि तिघांची तीन राज्यंही स्वच्छ लिहिलीत. आठ त्रिक चोवीस. बाटली सव्वीस औंसांची. दोन औंस ओतताना घट. नियमात तीनपर्यंत चालते, साहेब. मी स्वतः उभा राहिलो आणि दोनच होऊ दिली."

एकनाथराव खुर्चीत बसले. समोर लाल, हिरव्या आणि पांढऱ्या दोऱ्यांचे ढीग होते, आणि प्रत्येकावर एकेक छोटी सीलबंद बाटली ठेवलेली, पिवळीधमक.

"हे नमुने परत कधी मिळतात?"

"पंधरा वर्षं जतन करायचे. नंतर पंचांसमक्ष नष्ट."

एकनाथरावांना ओरडायचं होतं. त्यांना ते तीनही ढीग जमिनीवर लोटायचे होते. पण मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर आरशात कितीदा पाहिलं होतं. त्या माणसानं महिनाभर राबून, प्रेमानं, एकही कलम न मोडता त्यांची बाटली रिकामी केली होती. त्याला काय बोलणार?

पोच द्यायची होती. त्यांनी लिहिलं, 'बाटली मिळाली', आणि पुढं सवयीनं 'रिकामी' लिहिणार, तोच मुकुंदरावांनी हात धरला.

"ते नका लिहू, साहेब. मिसल पुन्हा उघडावी लागेल."

एकनाथरावांनी 'मिळाली' वर सही केली. अपुऱ्या गोष्टीवर सही करण्याची त्यांची ती पहिली वेळ. मुकुंदराव त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले.

बुधवारी सकाळी सात वाजता नामपल्ली स्टेशनवर गर्दी मावत नव्हती. अर्धी कचेरी कुठं ना कुठं निघाली होती. पोचवायला आलेल्या केशवरावांनी गाडी सुटेपर्यंत 'मी म्हटलं नव्हतं?' हे फक्त दोनदाच म्हटलं, म्हणजे त्यांनाही वाईट वाटलं असावं. अहसनमियाँ शेरवानी घालून आले होते, आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेले तीन पेले. हणमंतराव गळपट्टा गुंडाळून, नाक पुसत आले. एकनाथरावांनी पंचा सोडला आणि बाटली दाखवली.

मग तीन शिक्क्यांचा परवानाही पुढं केला. दोघंही कारकूनच होते, शिक्के बघून त्यांना सगळं कळलं.

अहसनमियाँनी पेले खिशातच राहू दिले. बाटली घेतली, बूच काढून एकनाथरावांच्या हातात दिलं आणि बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. डोळे मिटले. हमाल ओरडत होते, कुणाची तरी पत्र्याची पेटी त्यांच्या गुडघ्याला लागली, तरी ते हलले नाहीत.

"बड़ा मकान है," शेवटी ते म्हणाले. "लोगाँ अब्बीच उठ के गए. हुक्का अब तक गरम है." मग जरा थांबून, "फूल भी हैं. सूखे हुए."

त्यांनी बाटली हणमंतरावांना दिली. हणमंतरावांनी हुंगलं, नाक पुसलं, पुन्हा हुंगलं. त्यांचा चेहरा रडवेला झाला.

"मला काहीच येईना की हो," ते म्हणाले. "चार दिवस पडसं आहे. काहीच येईना."

"आयेगा, आयेगा. पकड़ो." अहसनमियाँनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगू लागले, मकान कसा आहे, दालन किती लांब आहे, हुक्क्याचा धूर कुठून येतो. हणमंतराव बाटली नाकाशी धरून, डोळे मिटून, 'होय, होय' म्हणत होते.

इतक्यात शिट्टी झाली. भामाबाई खिडकीतून "अहो, चढा की!" म्हणून ओरडल्या. एकनाथरावांची पाळी राहिलीच. ते चालत्या गाडीत चढले. हणमंतराव बाटली उंच धरून डब्याबरोबर धावू लागले, पण त्यांना धावणं कधीच जमलं नव्हतं. केशवरावांजवळ येऊन ते थांबले. अहसनमियाँ तर जागचे हललेही नव्हते. ते तिथंच उभे होते, एक हात खिशातल्या पेल्यांवर.

गाडी लिंगमपल्लीच्या पुढं गेली, तेव्हा एकनाथरावांच्या लक्षात आलं की आपली मूठ मिटलेली आहे आणि तिच्यात बूच आहे. त्यांनी ते नाकाशी नेलं. कडब्याची गंजी, उन्हात तापलेली, आणि खाली कुठंतरी... पुढं त्यांना सुचेना. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"बघू द्या मला," भामाबाई म्हणाल्या.

एकनाथरावांना ऐकलं ते खरं वाटेना. भामाबाईंनी त्यांच्या हातातून बूच घेतलं, पदरानं पुसलं नाही, नाकाशी धरलं आणि कपाळाला आठ्या घालून बराच वेळ तशाच बसल्या.

"ओल्या लाकडाचा धूर," त्या म्हणाल्या. "चुलीवर गूळ करपलाय. अन् मागून खारवलेल्या चिंचेचं फडकं. फुलंबिलं काही नाहीत. अहसनभाई उगंच म्हणायलेत."

एकनाथरावांनी बूच परत घेतलं, हुंगलं. धूर होता. करपलेला गूळ होता. आणि मागून, अगदी शेवटी, चिंचेचं फडकंसुद्धा होतं. नऊ वर्षांत असं नेमकं तिघांपैकी कुणाला सांगता आलं नव्हतं.

"हणमंतराव!" ते आनंदानं शेजारी वळून म्हणाले. "ऐकलंत का, ह्या काय म्हणायल्या..."

शेजारी शंकरपल्लीला उतरणारा एक अनोळखी माणूस मांडीवर पेटी घेऊन बसला होता.

"एमंडी?" त्यानं तेलुगूत अदबीनं विचारलं.

"काही नाही," एकनाथराव म्हणाले, आणि बूच त्यांनी भामाबाईंच्या हातात दिलं.